वाढत्या अंगाचे इंजेक्टर

माझी मुलगी गाडीत मरणार, या भीतीत मी ते अख्खं वर्ष काढलं. लिहिताना हे फार नाटकी वाटतंय, पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगू तेही सुचत नाही. सकाळी डबे भरताना, ऑफिसात मीटिंगमध्ये मान डोलावत बसलेली असताना, सायकलवरून घरी येताना मध्येच कुठेतरी ते मनात यायचं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काय काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचा मला पगार मिळतो. नवरा म्हणतो, तू ते काम घरी घेऊन येतेस. मी म्हणते, अरे, ते मी माहेरूनच आणलंय, ऑफिसनं फक्त त्याला पद दिलं.

आम्ही फेल्डहोवन या छोट्या डच गावात राहतो. नवरा इथल्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर. मुलगी तेव्हा एकोणीसची होती. नीट चालायलाही लागली नव्हती तेव्हा तिला इथे आणलं, त्यामुळे तिचं सगळं इथलंच. आइंडहोवनला इंजिनिअरिंग शिकते, घरूनच जाते-येते. मराठी पूर्ण कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं आणि चिडली की डचमध्ये. मी इथे तिचं बोलणं मराठीतच लिहिते आहे, नाहीतर वाचणारा वैतागेल.

तिला लायसन्स मिळालं तेव्हा मला वाटलं, चला, एक काम झालं. इथली बरीच मुलं लायसन्स काढतात आणि परत सायकलवरच बसतात. आमच्या बाईसाहेबांनी मात्र सुट्टीतल्या कामांतून साठवलेल्या पैशांची एक जुनी लाल गाडी आणून दारात उभी केली. छोटी, बुटकी, आणि टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं जास्त हवा कोंबणारा पंखा, हे मला त्या आठवड्यात कळलं. नसतं कळलं तर बरं झालं असतं.

ती पहिल्यांदा गाडी घेऊन निघाली त्या दिवसापासून मी तिच्या शेजारी बसायला लागले. कारणं काय, शंभर सापडतात. तुर्की दुकानातून कोथिंबीर आणायची आहे. मैत्रिणीकडे भांडी परत द्यायची आहेत. हवा छान आहे, येते मी पण. गाडीत बसले की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जणू ब्रेक माझ्याकडेच आहे. सायकलवाला दिसला की मी 'सायकल, सायकल' म्हणायचे, ट्रक दिसला की श्वास आत ओढायचे. मुलगी काही बोलायची नाही. माझ्याकडे एक नजर टाकायची आणि जरा हळू घ्यायची. काही झालंच तर मी शेजारी असेन, एवढा एकच विचार मला पुरायचा. मी शेजारी असून नक्की काय करणार होते, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

हिवाळा सरताना तिनं जेवताना जाहीर केलं की इंजिनात थोडासा बदल करायचा आहे. माझा घास तोंडातच राहिला. ती म्हणाली, "आई, घाबरू नकोस, मी काही रेसिंग कार बनवत नाहीये. टर्बोचा दाब जरा वाढवायचा, धूर बाहेर जायची नळी जरा मोठी करायची, बस." नियमात बसतं का ते तिनं आधीच बघून ठेवलं होतं. इथे वाढलेली मुलगी, नियम बघितल्याशिवाय ती स्क्रूसुद्धा फिरवणार नाही. फक्त एक अडचण होती. हवा जास्त आली की पेट्रोलही जास्त लागणार, आणि गाडीतले मूळचे इंजेक्टर तेवढं पेट्रोल देऊ शकणार नव्हते. म्हणजे नवे इंजेक्टर निवडायला लागणार.

इंजेक्टर म्हणजे बोटाएवढी एक वस्तू. या गाडीत चार सिलिंडर, म्हणून चार इंजेक्टर. इंजिनचा कॉम्प्युटर सांगेल तेवढाच वेळ ते उघडतात, पेट्रोलचा बारीक फवारा मारतात आणि मिटतात. मिनिटाला हजारदा वगैरे. तिनं मला हे सगळं इतक्या आवडीनं समजावलं की मी भीती विसरून ऐकत बसले. फार लहान घेतले तर भर वेगात पेट्रोल कमी पडतं, आतली आग नको तितकी तापते आणि पिस्टनला भोक पडू शकतं. फार मोठे घेतले तर उलटं. गाडी हळू चालत असताना किंवा सिग्नलला उभी असताना थेंबभर पेट्रोल पुरतं, आणि मोठ्या इंजेक्टरला थेंबभर मोजून देता येत नाही.

"आई, फोडणीला तेल घालायला तू चमचा घेतेस की डाव?" तिनं विचारलं.

"चमचा."

"डावानं घातलं तर?"

"कधी कमी पडेल, कधी तवंग येईल."

"बस. तेच."

मग तिनं गणित केलं. इंजिनाची वाढलेली ताकद, त्याला लागणारं पेट्रोल, भागिले चार, आणि वर जराशी सूट, म्हणजे इंजेक्टर कधीच पूर्ण वेळ उघडा राहायला नको. इथल्या पेट्रोलात थोडं अल्कोहोल असतं, तेही तिनं धरलं. शेवटी जो आकार निघाला तो मूळच्यापेक्षा थोडासाच मोठा होता. चारही एकसारखा फवारा मारतात असं तपासून देणारा एक विक्रेता तिनं शोधून ठेवला. मला बरं वाटलं. या पोरीला कळतंय ती काय करते आहे, असं वाटलं, आणि त्या रात्री मी शांत झोपले.

माझा नवरा मात्र झोपला नाही. त्यानं कुठूनतरी पिस्टनला पडलेल्या भोकाचे फोटो बघितले होते.

इथे आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घेतात. माझ्या नवऱ्यानं शाळेची खाकी पँट तिसरीपासून पाचवीपर्यंत एकच घातली, आधी पिनेनं आवळून, मग नीट, मग पोट आत ओढून. बुटात कापूस कोंबून तो शाळेत गेला. मी काही वेगळी नाही. आम्ही इथे आलो तरी हात सुटला नाही. शाळेच्या पहिल्या हिवाळ्यात मुलीच्या जॅकेटच्या बाह्या आम्ही दोनदा दुमडल्या होत्या. शाळेतल्या बाईंनी फार सौम्यपणे विचारलं होतं की हे जॅकेट मोठ्या भावाचं आहे का. तिला मोठा भाऊ नाही. पहिली सायकल तर अशी होती की पाय टेकत नव्हते, आणि पाय टेकत नव्हते म्हणून ती थांबायची तेव्हा कोणाच्यातरी कुंपणाला धरून थांबायची. तिनं कधी तक्रार केली नाही. आम्हाला वाटायचं, किती समजूतदार पोर आहे.

ऑफिसात माझा नवरा केसाच्या हजाराव्या भागाचा हिशोब करतो. तिथे जरा जास्त झालं की मशीन भंगारात. पण घरात पाऊल टाकलं की त्याच्या तोंडी एकच वाक्य, "असू दे थोडं जास्त, पुढे कामाला येईल." त्यात पिस्टनच्या भोकानं त्याच्या मनात घर केलं. तो मला म्हणाला, "भर हायवेवर पेट्रोल कमी पडून इंजिन गेलं तर? पोर आत असताना? त्यापेक्षा मोठे असलेले काय वाईट?" मला त्याचं म्हणणं पटल्यासारखं वाटलं, कारण तो घाबरलेला होता आणि मीही घाबरलेली होते, आणि दोन घाबरलेल्या माणसांचं एकमत पटकन होतं.

मुलीच्या वाढदिवसाला मी औक्षण केलं. ती हसत पाटावर बसली, जरा अवघडून, कारण आता तिचे पाय मावत नाहीत. ओवाळून झालं आणि नवऱ्यानं एक छोटा खोका तिच्या हातात ठेवला. आत चार इंजेक्टर, नवेकोरे, कापसासारख्या फोममध्ये ओळीनं निजवलेले. तिनं एक उचलला, त्याच्या अंगावरचा नंबर वाचला, आणि तिचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मला वाटलं, आनंदानं. नवरा म्हणाला, "तू काढलेल्यापेक्षा बरेच मोठे घेतलेत. पुढे अजून ताकद वाढवलीस तरी बदलायला नकोत. वाढत्या अंगाचे." तो स्वतःच हसला. ती उठली, त्याच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "थँक्यू बाबा."

पुढच्या आठवड्यात दोघांनी मिळून ते बसवले. नवरा टॉर्च धरून उभा, ती इंजिनात वाकलेली. मग तिनं लॅपटॉप जोडून गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या इंजेक्टरांची ओळख करून दिली. बराच वेळ लागला. बाप दर थोड्या वेळानं विचारायचा, "झालं का?" आणि ती म्हणायची, "होईल."

हायवेवर गाडी मस्त पळायची, हे मलाही कबूल करावं लागलं. भीती वाटायची ती गावात. सिग्नलला उभी राहिली की इंजिन धापा टाकायचं. आवाज खाली जायचा, वर यायचा, परत खाली. मागच्या नळीच्या तोंडाला काजळी धरायला लागली. आणि पेट्रोलचा वास. मी घरातही हुंगत फिरायचे, तिच्या जॅकेटला, केसांना. "हा वास बरोबर नाही," मी नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "नवीन आहे, बसेल हळूहळू." मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "सेटिंग करतेय, आई." सिग्नलला ती आता पाय ऍक्सिलरेटरवर हलकाच ठेवून इंजिन जागं ठेवायची. मी विचारलं, असं का करतेस, तर म्हणाली, सवय. मला नीट झोप लागेनाशी झाली. गाडी पेटली तर आधी बेल्ट काढायचा की दार उघडायचं, याची मी मनातल्या मनात तालीम करायचे. आधी दार, असं मी ठरवून ठेवलं होतं.

दिवाळी होऊन गेली होती. मास्ट्रिख्तच्या पलीकडे माझी मावसबहीण राहते, तिच्याकडे फराळ घेऊन जायचं होतं. नवऱ्याला कंपनीचं काम निघालं, म्हणून आम्ही दोघीच निघालो, लाल गाडीतून. चिवड्याचा डबा माझ्या मांडीवर. वाटेभर सगळं ठीक होतं. मास्ट्रिख्तला शहराखालून हायवेचा लांब बोगदा आहे. आम्ही आत शिरलो आणि थोडं पुढे गेल्यावर समोरच्या गाड्यांचे लाल दिवे लागले. ट्रॅफिक जॅम. आम्ही डाव्या लेनमध्ये, भिंतीला लागून; इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे माझं दार उजव्या लेनकडे. थांब, सरक, थांब, सरक.

इंजिनाची धाप सुरू झाली. मुलीनं पाय हलवत ते जागं ठेवायचा प्रयत्न केला. तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. पेट्रोलचा वास आला, या वेळी जोरात. मी म्हणाले, "वास येतोय." ती म्हणाली, "हो." मी परत म्हणाले, "अगं वास येतोय," आणि तेवढ्यात गाडी एकदा गदगदा हलली आणि बंद पडली. सगळं शांत झालं. तिनं किल्ली फिरवली. इंजिन नुसतं गरगरलं, पकडलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच, आणि वास आणखी वाढला.

मागे ट्रक होता. त्याचे दिवे आमच्या मागच्या काचेत मावत नव्हते. तो थांबला होता, मला दिसत होतं की तो थांबला आहे, पण अंगाला ते पटत नव्हतं. उजवी लेन सुटली होती आणि तिकडच्या गाड्या आता वेग घेत होत्या. डोक्यात एकच होतं, आग. इतक्या महिन्यांची तालीम कामी आली. आधी दार. मी दार उघडलं, उजवीकडचं, चालत्या लेनच्या बाजूचं, आणि एक पाय बाहेर टाकला.

काय झालं ते मला तुकड्यातुकड्यात आठवतं. एक पांढरी व्हॅन इतक्या जवळून गेली की तिच्या वाऱ्यानं दार माझ्या हातातून हिसकावलं गेलं. माझी मान मागे ओढली गेली, कारण मुलीनं माझ्या कोटाची कॉलर धरली होती. चिवड्याचा डबा खाली पडून उघडला. मी सीटवर मागे आपटले आणि ती माझ्या अंगावरून आडवी होऊन दार ओढून घेत होती. तिचा आवाज आला, मोठा नाही, पण मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेला. "दार बंद राहू दे. हात मांडीवर ठेव. मी सांगेन तेव्हाच हलायचं."

मी हात मांडीवर ठेवले.

मग बोगद्याच्या छतातल्या लाउडस्पीकरमधून एक बाई डचमध्ये बोलायला लागली, अगदी शांतपणे, की लेन बंद केली आहे, इंजिन बंद ठेवा, मदत येते आहे. वर लेन बंद दाखवणाऱ्या लाल दिव्यांच्या फुल्या लागल्या. उजव्या लेनमधल्या गाड्या एकेक करत थांबल्या. सगळं थांबल्यावर मुलीनं तिच्या बाजूचं, भिंतीकडचं दार उघडलं आणि म्हणाली, "आता इकडून ये." मी गिअरच्या दांड्यावरून, तिच्या सीटवरून, कशीबशी सरकत बाहेर आले. आम्ही भिंतीला पाठ लावून, सुटकेच्या हिरव्या दारापाशी उभ्या राहिलो. तिनं माझा दंड सोडला नाही. शेकडो माणसं आमच्यामुळे खोळंबली होती आणि कोणी साधा हॉर्नही वाजवत नव्हतं. त्या शांततेनंच मला रडू आलं.

हायवेच्या मदतीची पिवळी गाडी आली, पिवळ्या जॅकेटमधल्या माणसानं आम्ही दोघीच आहोत ना हे विचारून खात्री केली, आणि लाल गाडीला ओढत बोगद्याबाहेर एका मोकळ्या पार्किंगमध्ये नेऊन ठेवलं. नवऱ्याला फोन केला. त्याला यायला तासाभराहून जास्त वेळ लागणार होता. आम्ही दोघी गाडीशेजारी कठड्यावर बसलो. थंडी होती. माझ्या सलवारीवर चिवड्यातले शेंगदाणे चिकटले होते, ते मी एकेक काढत होते.

ती म्हणाली, "इंजेक्टर मोठे आहेत, आई. हळू चालताना पेट्रोल जास्त जातं. प्लग भिजले असणार."

"आता कळलं ना. चला, कळलं तरी."

"आता नाही. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"खोका उघडला तेव्हापासून."

"मग बसवलेस कशाला?"

तिनं खांदे उडवले. मग म्हणाली, "बाबानं आणले होते ना. इतक्या हौसेनं. नको कसं म्हणणार?"

खरं सांगते, बोगद्यातही मी इतकी घाबरले नव्हते. आग, ट्रक, व्हॅन, या गोष्टींना मी वर्षभर घाबरत होते. ही गोष्ट माझ्या यादीत नव्हतीच. माझी मुलगी, जिला सगळं बरोबर माहीत होतं, तिनं बापाचं मन मोडायला नको म्हणून चुकीचे इंजेक्टर आपल्या हातानं बसवले, महिनोन् महिने पायानं इंजिन जागं ठेवलं, आणि त्यात बसून रोज रस्त्यावर गेली. तिच्या कुठल्याही डच मैत्रिणीनं खोका उघडून सरळ सांगितलं असतं, हे चालणार नाहीत, बदलून आण. आमच्या पोरीनं बाह्या दुमडल्या.

मी तिचे दोन्ही हात धरले. पेट्रोलचा वास होता त्यांना, आणि ते गार होते. मी म्हणाले, "ऐक माझं. आम्ही म्हातारे होतोय आणि घाबरट आहोत. आमचं ऐकून तू मरू नकोस. नको असेल तर नको म्हणायचं. बाबाला म्हण, मला म्हण. आम्ही रुसू, फुगू, दोन दिवस बोलणार नाही, काही होत नाही आम्हाला."

तिनं मान हलवली. मी म्हणाले, "मान नको हलवूस, बोल."

"हो," ती म्हणाली.

नवरा आला तो अक्षरशः पळत. आधी तिला चाचपलं, मग मला, मग गाडीकडे वळला आणि बॉनेट उघडायला लागला. तोंडानं चालूच, की पेट्रोल कमी पडलं असेल, पंप बघायला हवा, पंपही मोठा घेऊ. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मिटायला किती त्रास झाला ते माझं मला ठाऊक. मुलगी त्याच्याजवळ गेली. "बाबा, पंप नको. इंजेक्टर मोठे आहेत. मला लहान हवेत, मी काढले होते ते." तिचा आवाज कापत होता. बोगद्यात कापला नव्हता, इथे कापत होता.

तो बॉनेट धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "कमी पडून इंजिन फुटेल, अशी भीती वाटली गं मला."

"माहितीये," ती म्हणाली. "पण गणित बरोबर होतं."

"गणित बरोबर होतं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. परतीच्या वाटेवर, त्याच्या गाडीत, मी मागच्या सीटवरून त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते.

लाल गाडी दुसऱ्या दिवशी ओढून घरी आणली. लहान इंजेक्टर आले, तिनं आधी निवडलेलेच. या वेळी बसवायला ती एकटी होती. नवरा टॉर्च घेऊन घराशेजारच्या शेडच्या दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला, बोलावलं तर जाईन म्हणून. तिनं थोड्या वेळानं बोलावलं. पेट्रोलानं पातळ झालेलं इंजिनातलं तेल तिनं बदललं, भिजून काळे पडलेले प्लग बदलले, लॅपटॉप जोडून नवे आकडे भरले. गाडी दारात उभी करून चालू केली, आणि इंजिन धाप न लागता एका सुरात चालत राहिलं. मी बराच वेळ कान देऊन ऐकलं. वास नाही. काजळी नाही. टेस्टर म्हणून मला त्यात बोट ठेवायला जागा सापडली नाही, आणि मी फार शोधली.

"एक चक्कर मारून येते," ती म्हणाली.

मी आधीच कोट चढवला होता. पर्स घेतली, कोथिंबीर संपलीच होती. गाडीला वळसा घालून मी उजवीकडचं दार उघडलं. ती आतून वाकली आणि सीटवर हात ठेवला.

"आई, नको."

मला वाटलं, सीटवर तेलाचं फडकं असेल. "काय सांडलंय का?"

"काही नाही सांडलं. तू नको येऊस."

नवरा मागे उभा होता. त्यानं खाली बघितलं. मी म्हणाले, "अगं पण पहिलीच चक्कर आहे. काही झालं तर?"

तिचा चेहरा मला दिसत होता. बाबाशी बोलताना पार्किंगमध्ये होता तसाच झाला होता.

"आई, बोगद्यात मला गाडीची भीती नव्हती वाटली," ती म्हणाली. "गाडी बंद पडल्यावर काय करायचं ते मला माहीत होतं. तू दार उघडलंस तेव्हा भीती वाटली. तू शेजारी असलीस ना, की मी रस्त्यापेक्षा जास्त तुझ्याकडे बघते. तू घाबरलीस का, पाय दाबलास का, श्वास ओढलास का."

"बोगद्यापासून?"

"नाही. पहिल्या दिवसापासून."

माझ्या तोंडात उत्तर होतं. मी तुझ्यासाठीच येते गं, असं काहीतरी. ते मी गिळलं. हात दारावर होता, तो काढायला वेळ लागला. मग मी दार लावलं, नीट, दोनदा ओढून बघितलं, आणि मागे सरकले.

तिनं इंडिकेटर दिला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि निघाली. मी फुटपाथवर उभी होते, आणि तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ती रस्त्याकडे बघत होती.